निर्जंतुक करणाऱ्या हातांचा इतिहास

इटलीतल्या मोदेना शहरात १७०० साली बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यकाच्या प्राध्यापकाने कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणकामगार, कुंभार, धोबी, सुईणी अशा चाळीसएक व्यवसायांतली माणसे कशाने आजारी पडतात, हे त्याने त्यात नोंदवले. त्यातच उपचार करणाऱ्यांवरही एक प्रकरण होते. त्या काळी उपदंशाच्या रोग्याच्या अंगाला पाऱ्याचे मलम चोळत. चोळणारा हातात कातडी मोजा घालत असे; पण ज्या कातड्यातून पारा गाळून शुद्ध करतात, ते कातडे पाऱ्याचे कण अडवणार कसे, असा रामाझ्झिनीचा मुद्दा होता. म्हणजे रोग्याला बरे करणारे द्रव्य बरे करणाऱ्याच्या अंगात मुरते, ही गोष्ट सव्वातीनशे वर्षांपूर्वी छापून आलेली आहे. पुढे रुग्णालये मोठी झाली, कार्बोलिक आले, रसकापराच्या जातीचे पाऱ्याचे क्षार आले, फॉर्मलिन आले, भूल देणारे वायू आले, इथिलीन ऑक्साइड आला, कर्करोगाची इंजेक्शने आली. आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट जणू प्रथमच उघडकीस आली. या पुनरावृत्तीला अज्ञान हे कारण पुरत नाही, असे मला वाटते. रुग्णालयात रसायनाचा जमाखर्च एकाच खात्यावर मांडला गेला, आणि ते खाते रुग्णाचे होते. ज्या ज्या वेळी काम करणाऱ्याचे शरीर वेगळे मोजले गेले, त्या त्या वेळी उपाय सापडायला फार काळ लागला नाही.

ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टरने ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पाय वाचला. त्यातून जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले आणि अगणित जीव वाचले, याबद्दल वाद नाही. पण डांबरापासून काढलेले हे द्रव्य कातडी जाळते. ड्रेसर आणि शस्त्रवैद्य यांचे हात पांढरे पडत, बधिर होत, भेगाळत. ते रक्तात गेले की लघवी काळपट होई. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिस्टरने फवारा आणला. टेबलावर कार्बोलिकचे धुके सोडायचे आणि त्या धुक्यात शस्त्रक्रिया करायची. रोगी त्यात एकदाच निजत असे, तर टेबलाभोवतीचे लोक दिवसामागून दिवस ते छातीत ओढत. लिस्टरने १८८७ मध्ये फवारा सोडून दिला आणि १८९०च्या बर्लिन परिषदेत आपण त्याची शिफारस केली याची लाज वाटते, अशी कबुली दिली. या कबुलीचे मोठेपण मान्य करूनच तिचे कारण नीट वाचायला हवे. हवेतल्या जंतूंमुळे जखमा फारशा चिघळत नाहीत असे दिसून आले होते, म्हणजे फवारा रोग्याच्या उपयोगाचा नव्हता. धुके ओढणाऱ्यांचा त्रास हे त्या निर्णयाचे मुख्य कारण नव्हते. फवारा रोग्याला थोडासाही उपयोगी ठरला असता, तर तो आणखी किती वर्षे चालला असता याचा अंदाज पुढच्या इतिहासावरून करता येतो.

दरम्यान १८८१ मध्ये रॉबर्ट कॉखने दाखवून दिले होते की काळपुळीच्या जंतूंच्या बीजाणूंपुढे कार्बोलिक दुबळे पडते आणि मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा एक जहाल क्षार, प्रभावी ठरतो. शस्त्रक्रियागृहांत त्या द्रावणाची भांडी आली. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथल्या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका होत्या कॅरोलाइन हॅम्प्टन. त्या हिवाळ्यात त्यांच्या हातांना आणि बाह्यांना या द्रावणाने असा त्वचारोग झाला की काम सोडण्याची वेळ आली. शस्त्रवैद्य विल्यम हॅलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड प्रयोगादाखल करून घेतले. ते उपयोगी पडले, आणि मग हत्यारे हातात देणारे व सुया ओवणारे मदतनीसही ते घालू लागले. जून १८९० मध्ये हॅम्प्टन आणि हॅलस्टेड यांचे लग्न झाले, आणि या घटनेची आठवण सहसा प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. आज जगभर जी वस्तू रोग्याला जंतूंपासून वाचवते म्हणून ओळखली जाते, ती जन्माला आली एका कर्मचारी बाईला रसायनापासून वाचवण्यासाठी. ती घातल्याने रोग्याचाही फायदा होतो हे नंतर लक्षात आले. हॅलस्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये साडेचारशेहून अधिक हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. हातमोजे नियमित घातल्यावर जखमा चिघळण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी दिसली नाही, याचे आश्चर्य खुद्द हॅलस्टेड यांनी १९१३ मध्ये लिहून ठेवले.

या घटनेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की कामगाराचे रक्षण आणि रोग्याचे रक्षण यांत वैर असतेच असे नाही. इथे तर पहिल्यातून दुसरे निघाले. दुसरी थोडी कडू आहे. हॅम्प्टन या प्रमुख परिचारिका होत्या, प्रतिष्ठित घराण्यातल्या होत्या, आणि रुग्णालयाच्या सर्वांत वरच्या शस्त्रवैद्याच्या डोळ्यांसमोर रोज उभ्या राहत होत्या. त्यांच्या हातांवरचे चट्टे दिसले. तेच द्रावण कालवणारा, भांडी घासणारा, फरशी पुसणारा माणूस त्या नजरेच्या टप्प्यात असतोच असे नाही. उपाय शोधायला विज्ञान लागले नाही, रबर तर कित्येक वर्षे उपलब्ध होते. कोणाची तरी इजा लक्षात घेण्याजोगी वाटावी लागली.

यावर पहिला आक्षेप येतो तो काळाचा. एकोणिसाव्या शतकातल्या माणसांना आजचे ज्ञान नव्हते, त्यांना आजच्या मापाने मोजू नये, असे म्हटले जाते. आक्षेप एरवी योग्य आहे, पण इथे तो टिकत नाही. फेल्ट टोप्या करणाऱ्या कारखान्यांत पाऱ्याने माणसांचे हात कापतात आणि मन बिघडते, हे ठाऊक होते. ब्रिटनने १८९५ मध्ये शिसे, फॉस्फरस आणि आर्सेनिक यांची कारखान्यातली विषबाधा डॉक्टरांनी सरकारला कळवावी असा कायदा केला, आणि १८९९ मध्ये त्या यादीत पारा घातला. म्हणजे राज्यकर्त्यांच्या मायदेशात पारा हे कामगारांचे विष म्हणून कायद्याने मान्य होत होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या राज्यातल्या मुंबईत पाऱ्याचे द्रावण बादल्यांनी ओतले जात होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. त्यानंतर महापालिकेने शहर धुऊन काढायला सुरुवात केली. गटारांत कार्बोलिक मिसळलेले पाणी सोडले गेले, चाळींच्या भिंतींवर आणि जमिनींवर ‘पर्क्लोराइड ऑफ मर्क्युरी’ म्हणून ओळखले जाणारे तेच मर्क्युरिक क्लोराइड फवारले गेले, चुन्याचे हात दिले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला आणि या मोहिमेला बळजबरीचे हत्यार मिळाले. मराठी वाचकाला या काळाची आठवण आहे ती पुण्यातल्या रँडच्या कारभाराची, घरात घुसणाऱ्या सोजिरांची, आणि साथीतल्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्राण गमावलेल्या सावित्रीबाई फुले यांची. फवारे चालवणाऱ्या, द्रावण कालवणाऱ्या, इस्पितळांतली वळकटी-कपडे भिजवून धुणाऱ्या हातांची आठवण मात्र कुठे फारशी येत नाही. महापालिका आयुक्त स्नो यांना एका गोष्टीची सतत धास्ती होती: हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. त्यांच्याविना शहर चालत नाही एवढे प्रशासनाला पक्के कळले होते. पण कारखान्यातली विषबाधा कळवण्याची जी सक्ती ब्रिटनमध्ये आली, तशी तेव्हाच्या भारतीय कायद्यात नव्हती. जे कळवायचेच नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले गेले नाही ते पुढे इतिहासात घडलेच नाही असे मानले जाते.

इथे कोणी म्हणेल, प्लेगने हजारो माणसे मरत असताना हाताच्या चट्ट्यांचा विचार करायचा का? जंतू हा मोठा शत्रू होता, रसायन त्यापुढे क्षुल्लक. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण आजही रुग्णालयांत तो याच शब्दांत ऐकू येतो. रसायन वापरावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातून खरोखर मिळते: वापरावे. पण ते उघड्या हातांनी वापरावे का, बंद खोलीत वापरावे का, कालवणाऱ्याला त्याचे नाव तरी सांगावे का, या प्रश्नांना ते उत्तर लागू पडत नाही. मोठ्या संकटाच्या नावाखाली हे दुसरे प्रश्न पहिल्या प्रश्नात विरघळवले गेले, आणि संकट ओसरल्यावरही ते तसेच राहिले.

विसाव्या शतकात रुग्णालयात प्लास्टिक आले. सिरिंज, कॅथेटर, हृदय-फुफ्फुस यंत्राच्या नळ्या वाफेच्या उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून १९५०च्या दशकापासून त्या इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक होऊ लागल्या. आपल्याकडे सगळे त्याला ईटीओ म्हणतात. हा वायू जंतूच्या पेशीतल्या रेणूंना चिकटून त्यांना निकामी करतो, आणि माणसाच्या पेशीशीही तो तसाच वागतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ रापोपोर्ट यांनी तो फळमाशीत जनुकीय बदल घडवतो हे १९४०च्या दशकातच दाखवले होते. शिवाय त्याचा एक घातक गुण असा की हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत काही शे भाग झाल्याखेरीज नाकाला वास येत नाही. वास आला म्हणजे आज सुरक्षित मानलेली मर्यादा शेकडो पटींनी ओलांडलेली असते. यंत्राचे दार उघडले की उरलेला वायू समोरच्या माणसाच्या तोंडावर येतो, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला वायू पुढे कित्येक तास बाहेर पडत राहतो. स्वीडनमधील रुग्णालयीन साहित्य निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यात १९७२ ते १९७७ या काळात तिघांना रक्ताचा कर्करोग झाला; तिथे २३० माणसे कामाला होती आणि तेवढ्या लोकांत अपेक्षित प्रमाण ०.२ होते. हे निरीक्षण १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८२ मध्ये फिनलंडमधून दुसरा पुरावा आला: गरोदरपणात उपकरणे निर्जंतुक करण्याचे काम केलेल्या रुग्णालय कर्मचाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण १६.७ टक्के, असे काम न केलेल्यांत ५.६ टक्के.

अमेरिकेत या वायूची कायदेशीर मर्यादा तेव्हा दहा लाखांत ५० भाग होती. १९८१ मध्ये एका ग्राहक-आरोग्य गटाने आणि सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने ती कमी करण्याची मागणी केली, सरकारी खात्याने चालढकल केली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९८४ मध्ये मर्यादा एका भागावर आली. पन्नास पटींची ही घट करायला कोणते नवे शास्त्र जन्माला घालावे लागले? यंत्राच्या दारावर हवा ओढणारी जाळी, साहित्य बाहेर काढण्याआधी त्यातला वायू काढून टाकणारा कप्पा, खोलीत मोजमापाचे यंत्र. यातले काहीही १९६० मध्ये अशक्य नव्हते. निर्जंतुकीकरणही थांबले नाही, रोग्यांचे नुकसानही झाले नाही. हे प्रकरण मला इतके महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की त्यात रुग्णालयातला कर्मचारी कामगार म्हणून, संघटनेमार्फत, न्यायालयात उभा राहिला आणि त्याच्या श्वासाला एक आकडा मिळाला.

भुलीच्या वायूंची कथा गुंतागुंतीची आहे, आणि तिथला आक्षेपही अधिक भक्कम. १९६७ मध्ये वाइसमान यांनी सोव्हिएत भूलतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या स्त्रियांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपल्या होत्या. त्यानंतर अमेरिकेत व इतरत्र अनेक प्रश्नावल्या झाल्या आणि संख्याशास्त्रज्ञांनी त्यांवर योग्य टीका केली. ज्यांना त्रास झाला तेच उत्तर पाठवतात, आठवणी पुराव्यासारख्या वापरता येत नाहीत, रात्रपाळी आणि उभे राहण्याचा ताण वेगळा काढता येत नाही. ही टीका मान्य केल्यावर काय उरते? उरतो तो १९९२चा कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यकीय मदतनीस स्त्रियांचा अभ्यास. आठवड्याला पाच तास किंवा जास्त वेळ नायट्रस ऑक्साइडच्या सान्निध्यात असलेल्या, पण वायू बाहेर ओढण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांतल्या स्त्रियांत दर मासिक पाळीमागे गर्भ राहण्याची शक्यता इतरांच्या ४१ टक्क्यांवर आली होती. जिथे ती सोय होती तिथे हा परिणाम दिसला नाही. पुराव्यातली अनिश्चितता खरी आहे, पण तिचा भार कोणी वाहायचा? नळी बसवायला थोडा खर्च येतो आणि ती चुकून बसवली गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट चूक झाली तर जे जाते ते परत येत नाही. अशा वेळी शंकेचा फायदा वायूला देण्याचे मला तरी समर्थन दिसत नाही.

कर्करोगाच्या औषधांबद्दल थोडक्यात एवढेच सांगतो की त्यांतले पहिले औषध, नायट्रोजन मस्टर्ड, युद्धवायूंच्या संशोधनातून १९४२ मध्ये आले. सैनिकाने मुखवटा आणि अंगभर आच्छादन घालून हाताळायचे द्रव्य पुढे सिस्टरने वॉर्डातल्या टेबलावर कुपी फोडून सिरिंजमध्ये भरायचे, हा प्रवास तीन दशकांचा. १९७९ मध्ये फिनलंडमध्ये ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुके बदलणारे पदार्थ सापडले, १९८५ मध्ये तिथल्याच १७ रुग्णालयांच्या अभ्यासात गर्भपाताशी संबंध दिसला, आणि याच काळात हवा ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात औषध बनवण्याच्या सूचना आल्या.

आता आपल्याकडे वळतो, कारण इथे या प्रश्नाने कायद्याचे रूप घेतले ते मुंबईतच. जे. जे. समूहाच्या रुग्णालयांतल्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना नुकसानभरपाई न देता कमी केले गेले. हॉस्पिटल मजदूर सभेने दाद मागितली आणि सरकारने सांगितले की रुग्णालय हा उद्योगच नाही, ती लोककल्याणाची सेवा आहे. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की रुग्णालय हा उद्योग आहे आणि तिथे राबणाऱ्यांना कामगाराचे हक्क आहेत. हा निकाल १९७० मध्ये फिरवला गेला, १९७८ मध्ये पुन्हा मान्य झाला, आणि १९८२च्या दुरुस्तीत रुग्णालयांना वगळणारे कलम आले तरी ते अमलात आणले गेले नाही. खटला नोकरकपातीचा होता, रसायनांचा नव्हता, हे खरे. पण त्यात मांडलेला सरकारचा युक्तिवाद हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे: काम पवित्र आहे, म्हणून काम करणाऱ्याचे मोजमाप नको. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात हवेतल्या रसायनांच्या मर्यादांचा तक्ता जोडला गेला. त्यात फॉर्मल्डिहाइड, म्हणजे थिएटर निर्जंतुक करायला वापरतात त्या फॉर्मलिनमधला वायू, आहे. पण ऑपरेशन थिएटर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून प्लायवूडच्या कारखान्यातल्या माणसाच्या नाकाला जी मर्यादा मिळाली ती थिएटरमधल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, मिळाली नाही. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापना कक्षेत घेतल्या. ही प्रगती आहे, पण लहान नर्सिंग होम या संहितेच्या उंबरठ्याखाली राहतात, आणि मोठ्या रुग्णालयांतले सफाईचे काम कंत्राटावर गेल्याने कोणाची जबाबदारी कोणावर, हा घोळ उरतोच.

कोणी म्हणेल की रुग्णालये आपल्या माणसांची काळजी घेतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत कर्मचाऱ्यांना कावीळ-ब आणि धनुर्वाताच्या लसी, दर वर्षी आरोग्य तपासणी, हातमोजे हे सगळे आहे. आहे, आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण कोणती काळजी आधी आली ते पाहा. टोचलेल्या सुईतला जंतू कर्मचाऱ्याला लागतो तसा त्याच्यामार्फत रुग्णालाही लागू शकतो, म्हणून तो लवकर मोजला गेला. फॉर्मलिनची वाफ फक्त मावशींच्या आणि मामांच्या छातीत जाते, रोगी तोवर दुसऱ्या खोलीत असतो. सामायिक धोका दिसतो, एकट्याचा धोका दिसत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो जिल्हा रुग्णालयातून किंवा तालुक्याच्या गावातून आला तर त्याला तुच्छ लेखता येणार नाही. ईटीओचे आधुनिक यंत्र, बंदिस्त कपाट, वायू ओढण्याची यंत्रणा यांना खरोखर पैसे लागतात. पण फॉर्मलिनचे काय? थिएटर बंद करून फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची वाफ सोडायची, सकाळी अमोनिया ठेवून वास मारायचा, आणि डोळ्यांतून पाणी काढत कोणीतरी दार उघडायचे, ही रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून चालते. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या मार्गदर्शक सूचना रुग्णसेवेच्या जागांत अशी नियमित धुरी देऊ नये असेच सांगतात. साबणपाण्याने पृष्ठभाग नीट धुणे, योग्य जंतुनाशकाने पुसणे आणि हवा खेळती ठेवणे यांनी ते काम होते. इथे कर्मचाऱ्याला वाचवणारा मार्ग स्वस्तही आहे. फॉर्मलिनची मागणी बंद करायला अनुदान लागत नाही, रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचा एक ठराव पुरतो, आणि त्या बैठकीला रात्री धुरी देणाऱ्या मामांना बोलावून त्यांच्या खोकल्याची नोंद इतिवृत्तात घेता येते.